भनपुरीच्या घोंघीचं नाव

काकांना दर बदलायचा नव्हता. साऱ्या भानगडीचं मूळ एवढंच, आणि त्यापायी माझी सहा वर्षं, माझ्या घरची गॅलरी आणि माझं डोकं, तिन्ही कामातून गेली.

काका म्हणजे सख्खे काका नव्हेत. ते माझे पीएचडीचे गाइड. पण रायपूरच्या मराठी माणसांत कोणी नुसतं गाइड नसतं. हे माझ्या वडिलांचे मित्र, चौबे कॉलोनीत माझ्या माहेरापासून दोन गल्ल्या सोडून राहणारे, माझ्या लग्नात पंगतीला बुंदी वाढणारे. त्यामुळे कॉलेजच्या फाटकाच्या आत 'सर' आणि बाहेर 'काका', असा आमचा कारभार. भांडायचं म्हटलं की पंचाईत व्हायची. सरांशी वाद घालता येतो, काकांशी कसा घालणार? आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वादात हरायला लागले की फाटकाच्या आतसुद्धा काका होऊन बसायचे. "काल तुझ्या आईचा फोन आला होता बरं का," म्हणायचे. आपलेच दात अन् आपलेच ओठ.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. चाळिशी ओलांडल्यावर मला पीएचडीची खाज सुटली. नवरा रेल्वेत, मुलगी तेव्हा सातवीत, सासूबाई घरात. सगळ्यांनी विचारलं, आता काहून? मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी नाव नोंदवून टाकलं. विषय काकांनी दिला: रायपूरच्या आसपासच्या तळ्यांतल्या घोंघ्या. घोंघी म्हणजे पाण्यातली गोगलगाय, काळपट, सुपारीएवढी. इकडे लोक ती रांधून खातात. पहिल्या रविवारी मी अभनपूरच्या तळ्यात सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून उतरले, तेव्हा काठावर भांडी घासणाऱ्या म्हातारीने विचारलं, "एला रांधबे का, नोनी?" मी म्हटलं, नाही, रांधणार नाही, अभ्यास करणार आहे. तिने माझ्याकडे जसं बघितलं, तसंच पुढे सहा वर्षं सगळे बघत राहिले.

काम सांगायला सोपं होतं. आपल्या प्रत्येक पेशीत मायटोकाँड्रिया नावाच्या बारक्या भट्ट्या असतात, पेशीला लागणारी ताकद तिथे तयार होते. या भट्ट्यांचा डीएनए वेगळा, स्वतःचा, आणि तो फक्त आईकडून येतो. बापाचा त्यात हात नाही. आई ती अक्षरांची लांब ओळ नकलून लेकरांना देते, लेकी पुढे त्यांच्या लेकरांना देतात, आणि नक्कल करताना अधूनमधून एखादं अक्षर चुकतं. दोन तळ्यांतल्या घोंघ्यांचा हा डीएनए शेजारी ठेवायचा आणि किती अक्षरं वेगळी आहेत ते मोजायचं. किती वर्षांत किती अक्षरं चुकतात हे ठाऊक असलं, की भागाकार करून सांगता येतं, या दोघींच्या आया एकमेकींपासून कधी वेगळ्या झाल्या. त्या 'किती वर्षांत किती'लाच आम्ही दर म्हणायचो.

हा दर काकांच्या प्रयोगशाळेत लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. पिवळी पडलेली चिठ्ठी: दहा लाख वर्षांत शंभर अक्षरांमागे दोन. काकांनी आपली पीएचडी मागूर माशावर केली तेव्हा तो वापरला. मग त्यांच्या विद्यार्थ्यांनी तो बेडकावर वापरला, खेकड्यावर वापरला, एकाने तर गांडुळावर. हा आला कुठून, असं कोणी विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, मीही नाही विचारलं. कपाट उघडायचं, आकडा बघायचा, दार लावून घ्यायचं.

खरं तर घरात धडधडीत उदाहरण होतं. आमच्या सासूबाईंचा कुकर. काहीही लावा, तीन शिट्ट्या. भात तीन, तुरीची डाळ तीन, बटाटे तीन, छोले तीन. छोले दाताखाली टचटच वाजायचे आणि बटाट्याचा चिखल व्हायचा, पण शिट्ट्या तीनच. मी काही बोलले की म्हणायच्या, "माह्या सासूनं तीनच सांगितल्या होत्या." रोज जेवताना मी मनातल्या मनात चिडायची आणि सकाळी कॉलेजात जाऊन तेच करायची.

भनपुरीच्या घोंघ्या मला ट्रकांच्या अड्ड्यामागे मिळाल्या, एका जुन्या दगडाच्या खदानीत पाणी साचलं होतं तिथे. दिसायला अभनपूरच्यासारख्याच, शंख तेवढा जरा टोकदार. त्यांचा भट्टीतला डीएनए वाचून आला आणि मी खुर्चीवरून उठलेच. अक्षरांमागून अक्षरं वेगळी. कपाटातल्या दराने भागल्यावर हिशोब लाखांत निघाला, आणि तोही दोन-चार लाखांत नाही. माणूस नावाचा प्राणी जगात नव्हता तेव्हापासून या दोघींचं जाणं-येणं बंद, असा त्याचा अर्थ. काकांनी कागद दोनदा बघितला, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, "पोरी, ही नवीन जात आहे."

नवीन जात सापडली की तिला नाव देण्याचा मान शोधणाऱ्याचा असतो. आणि काकांना एक नाव द्यायचं होतं.

इथे मला काकूंबद्दल सांगायला हवं. काकू म्हणजे काकांची बायको. मी लहानपणी शाळेतून परस्पर त्यांच्याकडे जायची, कारण त्यांच्या हातची पातोडी आमच्या आईला जमत नसे. त्यांना लेकरू नव्हतं, आणि मला वाटतं, माझ्यावर त्यांनी थोडी हौस भागवून घेतली. बाई बोलायला तिखट. काका जुन्या वळणाचे, बायकोचं नाव तोंडाने न घेणारे. "अगं", "ऐकलं का", आणि चार लोकांत "आमच्या घरचे". नवऱ्याचं नाव बायका निदान उखाण्यात तरी घेतात. दर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकू नवा उखाणा रचून काकांचं नाव दणक्यात घ्यायच्या, आतल्या खोलीत पेपर वाचणाऱ्या काकांना ऐकू जाईल अशा आवाजात. तिकडून पेपर उलटल्याचा आवाज यायचा, बस.

काकूंना शेवटचं दवाखान्यात नेलं तेव्हा मी सोबत होते. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, "पेशंट का नाम?" काका थांबले. मुलीने पुन्हा विचारलं. काकांनी खिशातून काकूंचं आधार कार्ड काढलं आणि खिडकीतून आत सरकवलं. काकू मागेच स्ट्रेचरवर होत्या, डोळे उघडे. नंतर वॉर्डात मला जवळ बोलावून म्हणाल्या, "पाह्यलं तू? कार्ड पुढं केलं. अडतीस वर्षं झाली, माह्यं नाव या माणसाच्या तोंडून कसं लागते ते मले माहीत नाही." आणि हसल्या. मला काही हसू आलं नाही. पंधरा दिवसांनी काकू गेल्या.

भनपुरीचा निकाल आला तो त्यांच्या वर्षश्राद्धानंतरच्या महिन्यात. काकांनी पॅड ओढलं, त्यावर काकूंचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलं, त्याला मागे लॅटिन शेपूट जोडलं, आणि पॅड माझ्याकडे फिरवलं. "असं देऊ," म्हणाले. तेव्हासुद्धा वाचून दाखवलं नाही. मला रडू आलं. मी म्हटलं, हो सर, असंच देऊ. आणि तिथेच मी फसले.

कारण काका थांबणाऱ्यातले नाहीत. त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. त्याच गणपतीत, आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, त्यांनी माइक हातात घेऊन सांगून टाकलं, की रायपूरच्या एका जिवाला लवकरच "आमच्या घरच्यांचं" नाव लागणार आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांनी मला धरून धरून विचारलं, कोणता जीव? गोगलगाय म्हटल्यावर दोघी-तिघींचे चेहरे पडले. एक म्हणाली, "फुलपाखरू नव्हतं का एखादं?"

आता गॅलरीतल्या टपांकडे येते. जिवंत घोंघ्या कॉलेजात ठेवल्या की सुटीच्या दिवसांत मरायच्या, म्हणून मी त्या घरी आणल्या होत्या. एका टपात अभनपूरच्या, दुसऱ्यात भनपुरीच्या. चुकून मिसळल्या तर ओळखू याव्यात म्हणून शंखांवर नेलपॉलिशचे ठिपके: अभनपूर लाल, भनपुरी हिरवा. मुलगी बाटल्या शोधत फिरायची. "मम्मी, मेरी नेलपॉलिश घोंघों को क्यों लगाई?" मी मराठीत ओरडायची, ती हिंदीत, आणि सासूबाई दोघींवर वऱ्हाडीत.

एके दिवशी शाळेतून आले तर गॅलरीत एकच टप. लाल-हिरव्या सगळ्या एकात कोंबलेल्या. दुसरा टप स्वैपाकघरात, घासूनपुसून, त्यात कुरडयांचा गहू भिजत घातलेला.

"आई, हे काय केलं तुम्ही?"

"काय केलं म्हणजे? कुरडया घालाच्या आहेत. टप नव्हता दुसरा."

"अहो, त्या दोन वेगळ्या होत्या."

"घोंघ्याच आहेत ना दोन्ही? का एक सासरची अन् एक माहेरची आहे?"

मी कपाळावर हात मारला. त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता, कुरडया होईस्तोवर टप सुटणार नव्हता, आणि मला दहावीचे पेपर तपासायचे होते. रागाच्या भरात मी घोंघ्या तशाच राहू दिल्या. म्हटलं, राहा एकत्र, मरा. त्या वर्षी आम्ही त्याच टपातल्या कुरडया खाल्ल्या, हे मी आजतागायत नवऱ्याला सांगितलेलं नाही.

त्या मेल्या नाहीत. या घोंघ्या अंडी घालत नाहीत, तयार पिल्लंच देतात, ज्वारीच्या दाण्याएवढी. पावसाळ्यात टपभर पिल्लं. मी स्वतःला समजावलं, माद्या आधीच गाभण असतील, आपापल्या तळ्यातून पोटात घेऊन आल्या असतील. पण पुढच्या उन्हाळ्यात त्या पिल्लांनाही पिल्लं झाली, धडधाकट, कपभर. लाखो वर्षांपूर्वी दुरावलेल्या दोन जाती एका प्लॅस्टिकच्या टपात इतक्या सुखाने नांदत नाहीत.

मी नमुने पुन्हा कुरियरने बाहेर पाठवले. यावेळी फक्त भट्टीतला डीएनए नाही, पेशीच्या केंद्रातलाही, जो आई आणि बाप दोघांकडून येतो. निकाल आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये होते. कित्येक पिल्लांमध्ये आईकडचा डीएनए भनपुरीचा, आणि केंद्रातला अर्धा अभनपूरचा. हिरव्या आईची, लाल बापाची. हे तरी ठीक. पण दोन तळ्यांतल्या मूळ घोंघ्यांचा केंद्रातला डीएनए शेजारी ठेवला, तर ओळखण्यापुरत्या चार खुणा सोडल्या, की फरक जवळजवळ नव्हताच. चुलत बहिणी म्हणाव्या इतकी जवळीक. पळत सुटला होता तो फक्त भट्टीतला. घोंघ्या नवीन नव्हत्या, जुन्याही नव्हत्या. आमचा दर चुकला होता.

मग मी वाचायला बसले. जे पाच वर्षांपूर्वी वाचायला हवं होतं ते. आणि वाचत गेले तशी चिडत गेले, कारण सगळं लिहून ठेवलेलं होतं, राजरोस, कोणालाही सापडेल असं. भट्टीतला हा डीएनए सगळ्या जिवांत एका चालीने बदलतच नाही. उंदराचा भराभर बदलतो. कासवाचा रेंगाळतो, शार्कचा त्याहून. समुद्रातल्या प्रवाळांचा तर इतका हळू की दोन वेगळ्या जातींतही फरक सापडताना मारामार. झाडांचा बहुधा सुस्त, पिढ्या न् पिढ्या अक्षर हलत नाही. असं म्हणावं तोवर त्यातही इसबगोलाच्या गोतातली काही रोपं निघाली, त्यांचा इतका सुसाट की वाचणाऱ्यांना आधी आपलंच चुकलं असं वाटलं. इसबगोल. तोच, जो सासूबाई रोज जेवणानंतर पाण्यातून घेतात. मी त्या डब्याकडे बघत बसले. आणि गोगलगायी तर या बाबतीत बदनाम. त्यांच्या काही जातींत एकाच जातीच्या दोघींमध्ये एवढा फरक असतो, की दुसऱ्या प्राण्यात तेवढ्यावर दोन जाती पाडाव्यात. असं का होतं, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. कोणी म्हणतं आयुष्य आखूड म्हणून, कोणी म्हणतं नक्कल दुरुस्त करणारी यंत्रणा ढिली म्हणून. पण कपाटातली एक चिठ्ठी सगळ्यांना चालत नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

म्हणजे भनपुरीची जात नव्हती. आणि जात नाही, तर काकूंचं नाव नाही.

आठ दिवस मी तो निकाल पर्समध्ये घेऊन फिरले. एकदा मनात आलंही, की काय बिघडतं? एका घोंघीला एका भल्या बाईचं नाव लागलं तर कोणाच्या पोटावर पाय येतो? पण उद्या कुठल्याशा गावचा पोरगा चार महिन्यांत दाखवून देईल की ही जात नाहीच, मग ते नाव पुसलं जाईल. काकूंचं नाव पुसायला कोणी यावं, हे मला सहन होणार नव्हतं. शिवाय माझा प्रबंध होता. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती, तिसरी शेवटची. काकांची सही झाली नाही तर सहा वर्षं तळ्यात.

शेवटी मी गेले.

"सर, दर चुकला आहे."

"कोणता दर?"

"कपाटातला."

"तो माह्या पीएचडीपासून आहे."

"म्हणूनच म्हणते. मागुराचा दर घोंघीला लावला आपण. तो मागुराचा तरी आहे की नाही, देव जाणे." मी निकाल त्यांच्यासमोर ठेवले. टपाचं सांगितलं, पिल्लांचं सांगितलं.

त्यांनी सगळं वाचलं. शब्द न् शब्द. काकांना कळत नव्हतं अशातला भाग नव्हता, याचाच तर मला संताप होता. ढ माणसाला समजावता येतं. हे हुशार, आयुष्यभर वाचणारे, आणि समोरचा कागद समजूनही म्हणतात काय, तर "शंखात फरक आहे ना."

"खदानीत खायला कमी आहे, सर. शंख बारीक राहतो. टपात वाढलेल्या पिल्लांचे शंख बघा, सारखे आहेत."

"दोन-चार पिल्लांवरून तू मले शिकवून राहिली?"

"हव," मी म्हटलं. माझ्याही तोंडून वऱ्हाडीत होकार निघून गेला.

ते उठले, खिडकीपाशी गेले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसे ताठ. आणि मग फाटकाच्या आत असूनसुद्धा काका झाले. "आज तुही काकू असती," म्हणाले, "तर तिले काय वाटलं असतं?"

हे त्यांनी बोलायला नको होतं. दवाखान्यापासूनचं साचलेलं माझ्या तोंडाशी आलं. मी म्हटलं, "काकू असत्या तर म्हणाल्या असत्या, आधी तोंडाने म्हणा माझं नाव. मग घोंघीला द्या."

काका वळले नाहीत. मी प्रबंधाचा गठ्ठा टेबलावर ठेवला, खरा दर, खरा निकाल, भनपुरी आणि अभनपूर एकच जात असं लिहिलेला, आणि निघून आले. स्कूटीला मी किल्ली दोनदा उलटी लावली. रागाने की लाजेने, ते मला अजून सांगता येत नाही. आयुष्यात मी कोणाला इतकं लागट बोलले नव्हते, आणि बोलले तेही खरं.

अकरा दिवस त्यांचा फोन नाही. मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. आईने फोनवर विचारलं, काकांशी काही झालं का? म्हणजे बातमी चौबे कॉलोनीत पोचली होती. मुदत संपायला नऊ दिवस उरले. नवरा म्हणाला, जाऊन माफी माग. मी म्हटलं, कशाची मागू, दराची की बोलण्याची? तो म्हणाला, बोलण्याची. मी म्हटलं, उद्या जाते. असे चार उद्या गेले.

रविवारी सकाळी बेल वाजली. काका दारात, हातात कापडी पिशवी. मी बाजूला झाले. ते आत आले, खुर्चीवर बसले नाहीत. "टप कुठं आहे?" म्हणाले.

मी गॅलरीत नेलं. सासूबाई तिथे पाट टाकून कुरडया वाळत घालत होत्या, पुन्हा तोच हंगाम आला होता. काकांनी वेताचा मोढा ओढला आणि टपापाशी बसले. पाण्यात हात घालून एक एक घोंघी काढायचे, उलटी करून बघायचे, परत सोडायचे. लाल ठिपक्याच्या, हिरव्या ठिपक्याच्या, आणि बिनठिपक्याची सगळी पिलावळ. बराच वेळ. मग हात पुसून पिशवीतून माझा प्रबंध काढला. सहीच्या पानाची खूण म्हणून त्यात पिवळी चिठ्ठी घातली होती, कपाटातली. दोन बाजूंना गोंदाचे डाग तसेच. सही झालेली होती.

"एकशे बाराव्या पानावर भागाकार चुकला आहे," म्हणाले. "तेवढा दुरुस्त कर."

मी मान हलवली. काय बोलायचं होतं ते सगळं माफीचं होतं, आणि ते यांच्यासमोर नेमकं कसं म्हणतात ते मला येत नव्हतं.

सासूबाईंना असल्या वेळी गप्प बसवत नाही. त्यांनी कुरडईचा साचा खाली ठेवला, टपाकडे बोट केलं आणि काकांना विचारलं, "हेच का ते? यायलेच नाव देणार होते ना तुम्ही तुमच्या घरच्याईचं?"

मला वाटलं, आता गॅलरी फाटावी आणि मी खाली जावं. काकांनी एक हिरव्या ठिपक्याची घोंघी तळहातावर घेतली. तिने पाय आत ओढून घेतला होता, झाकण लावून बसली होती.

मग त्यांनी काकूंचं नाव घेतलं. घरचं, साधं, मागे शेपूट नसलेलं. नाव घेऊन म्हणाले, "तिले आवडलंच नसतं हो. घोंघी पाहिली का पाय वर घेऊन खुर्चीवर बसे. मी पहिल्यांदा घरी आणल्या होत्या तर दोन दिवस बोलली नाही माह्याशी."

सासूबाई म्हणाल्या, "मंग. कोणाले आवडते?" आणि पुन्हा कुरडया घालायला लागल्या. त्यांना काही विशेष झालं असं वाटलंच नाही. त्यांना काय ठाऊक.

काकांनी घोंघी हलकेच पाण्यात सोडली. त्यांचंही लक्ष नव्हतं बहुतेक, आपल्या तोंडून काय गेलं याकडे.

मी चहा टाकते म्हणून आत गेले. नळ सोडला आणि ओट्याला धरून रडले. आणि रडता रडता मनात त्या माणसाशी भांडतच होते: अहो, तीन तर अक्षरं. दवाखान्याच्या खिडकीत म्हणायला काय झालं होतं, ती मागेच होती ना, डोळे उघडे ठेवून.